प्रवाळांच्या भेटीला : पालघर-बोईसरहून मालवणच्या समुद्रतळापर्यंत

हिवाळ्याची चाहूल लागली की पालघर, बोईसर आणि तारापूर परिसरातील मित्रमंडळींच्या सहलींचे बेत ठरू लागतात. अलीकडे या बेतांमध्ये एका नव्या शब्दाची भर पडली आहे, तो म्हणजे स्कूबा. पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रतळाशी उतरायचे आणि प्रवाळांमधून फिरणारे रंगीत मासे हातभर अंतरावरून पाहायचे, या कल्पनेची भुरळ अनेकांना पडते. मात्र ज्यांच्या घरापासून समुद्र आठ-दहा किलोमीटरवर आहे, त्या मंडळींनाही यासाठी रात्रभराचा प्रवास करून सुमारे सहाशे किलोमीटर दूरचे मालवण गाठावे लागते. केळवे, शिरगाव, चिंचणी किंवा डहाणूच्या समुद्रात हे का शक्य नाही, असा प्रश्न स्वाभाविकपणे पडतो. त्याचे उत्तर शोधू लागले की प्रवाळ कशावर जगतात, कशाने मरतात आणि त्यांच्या भेटीला जाणाऱ्याने काय पाळावे, हे सारेच उलगडत जाते.

घरचा समुद्र गढूळ का?

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा झाला. उत्तरेला झाई-बोर्डीपासून दक्षिणेला वसईपर्यंत पसरलेल्या त्याच्या किनाऱ्यावर पाण्याचा रंग जवळपास वर्षभर मातकट असतो. या गढूळपणाचे खापर अनेकदा तारापूरच्या कारखान्यांवर किंवा अणुऊर्जा केंद्रावर फोडले जाते. वस्तुस्थिती तशी नाही. देशातील पहिले अणुवीज केंद्र तारापूरला १९६९ मध्ये सुरू झाले. इथले पाणी त्याच्या कितीतरी आधीपासून असेच गढूळ आहे.

याचे मूळ उत्तरेकडील खंभातच्या आखातात आहे. नर्मदा, तापी, मही आणि साबरमती या नद्या आपला गाळ या आखातात आणून टाकतात. त्यातच या भागातील भरती-ओहोटी देशातील सर्वांत मोठ्या भरती-ओहोटींपैकी आहे. भावनगरजवळ उधाणाच्या दिवसांत पाणी दहा मीटरहून अधिक चढते-उतरते. पालघर-डहाणूच्या किनाऱ्यावर हा फरक चार-पाच मीटरच्या आसपास असतो, तर मालवणला तो जेमतेम दोन-अडीच मीटर भरतो. मुंबईपासून उत्तरेकडे समुद्रतळाचा उथळ मंच फार रुंद होत जातो. खंभातसमोर त्याची रुंदी तीनशे किलोमीटरच्या घरात आहे. अशा रुंद आणि उथळ समुद्रात दिवसातून दोनदा एवढे पाणी आत-बाहेर होत असल्याने तळाचा बारीक चिखल सतत ढवळला जातो. वैतरणेसारख्या स्थानिक नद्या आणि खाड्या त्यात आपली भर घालतात. परिणामी, किनाऱ्याजवळ कंबरभर पाण्यात उभ्या असलेल्या माणसाला स्वतःची पावलेही दिसत नाहीत.

औद्योगिक सांडपाण्याचा प्रश्न याहून निराळा आहे आणि तो गंभीर आहे. तारापूर औद्योगिक क्षेत्रातील सांडपाण्यामुळे खाड्या आणि किनारपट्टीची हानी होत असल्याची तक्रार घेऊन इथल्या मच्छीमार समाजाच्या संघटनेने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली होती. परंतु गढूळ पाणी आणि दूषित पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाण्याचा पहिला दोष निसर्गदत्त, तर दुसरा माणसाने लावलेला.

गढूळ, पण गरीब नव्हे

पाणबुड्या पर्यटकाला निरुपयोगी वाटणारा हा समुद्र मच्छीमाराच्या लेखी मात्र सोन्याची खाण आहे. गाळाबरोबर येणारी पोषकद्रव्ये, त्यांवर वाढणारे सूक्ष्म जीव, त्यांवर जगणारा जवळा आणि जवळ्यावर ताव मारणारा बोंबील, अशी ही साखळी आहे. भरतीच्या प्रवाहात खुंटांना बांधून लावायची डोल जाळी याच भागात रुजली, कारण इथल्या पाण्याला तेवढी ओढ आहे. सातपाटीच्या पापलेटची ख्याती तर सर्वदूर आहे. २०२३ मध्ये पापलेटला महाराष्ट्राचा राज्यमासा म्हणून मान मिळाला, तेव्हा सातपाटीचे नाव पुन्हा एकदा चर्चेत आले.

याउलट, प्रवाळांचे निळे, निवळशंख पाणी पोषकद्रव्यांच्या दृष्टीने जवळजवळ उपाशी असते. पाण्यात तरंगते अन्न कमी असते, म्हणूनच ते पारदर्शक दिसते. जगातील समुद्रतळाच्या एक टक्क्याहूनही कमी भागावर प्रवाळभित्ती आहेत. तरीही सागरी जीवांच्या सुमारे एक चतुर्थांश जातींचा आयुष्यातील कोणता ना कोणता काळ त्यांच्या आश्रयाने जातो. उपाशी पाण्यात एवढी वस्ती कशी पोसली जाते, हे कोडे चार्ल्स डार्विनच्या नावाने ओळखले जाते. त्याचे उत्तर प्रवाळांच्या शरीरातच दडलेले आहे.

प्राणी, वनस्पती की दगड?

प्रवाळ हा शब्द ऐकताच अनेकांच्या डोळ्यांसमोर अंगठीतले पोवळे येते. दागिन्यातले लाल पोवळे प्रामुख्याने भूमध्य समुद्रातील एका प्रवाळ जातीपासून मिळते आणि ती जात भित्ती बांधत नाही. भित्ती बांधणारे कठीण प्रवाळ वेगळे. त्यांचा प्रत्येक घटक म्हणजे काही मिलिमीटर आकाराचा, पिशवीसारख्या शरीराचा आणि तोंडाभोवती शुंडकांचे कडे असलेला प्राणी. समुद्रफूल आणि जेलीफिश हे त्याचे नातलग. हा प्राणी आपल्या बुडाशी चुन्याचे घर बांधतो. असे हजारो प्राणी एकमेकांना चिकटून राहिले की त्यांची वसाहत होते आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या घरांवर घरे चढत जाऊन भित्ती उभी राहते.

या प्राण्याच्या पेशींमध्ये एकपेशीय शैवाल राहते. सूर्यप्रकाशाच्या साह्याने ते अन्न तयार करते आणि त्यातील मोठा वाटा यजमानाला देते. यजमान त्याला आसरा आणि आपल्या शरीरातील टाकाऊ द्रव्ये पुरवतो. बाहेर अन्न कमी असले तरी घरातच स्वयंपाकघर असल्याने प्रवाळाचे भागते. त्याचे रंगही बऱ्याच अंशी या शैवालामुळेच असतात. मात्र याच सोयीमुळे प्रवाळ प्रकाशाचा मिंधा झाला आहे. पाणी गढूळ झाले की प्रकाश अडतो आणि स्वयंपाकघर बंद पडते. वरून बसणारा गाळ झटकण्यात प्रवाळाची उरलीसुरली शक्ती खर्ची पडते. पालघरच्या समुद्रात प्रवाळभित्ती नसण्याचे कारण हेच.

तथापि, प्रवाळ नसणे आणि प्रवाळभित्ती नसणे यांत फरक आहे. काही चिवट जाती गढूळ पाण्यातही खडकाला चिकटून तग धरतात. मुंबईच्या सागरी किनारा मार्गाच्या बांधकामाआड येणाऱ्या वरळी आणि हाजी अली येथील प्रवाळांच्या १८ वसाहती २०२० मध्ये अन्यत्र हलवण्यात आल्या, तेव्हा महानगराच्या उंबरठ्यावरही प्रवाळ आहेत हे अनेकांना प्रथमच कळले. परंतु या वसाहती लहान आणि विखुरलेल्या. त्या पाहायला पाण्याखाली बुडी मारावी लागत नाही. मोठ्या ओहोटीला जाणकाराच्या सोबत खडकांवर चालत गेले तरी पुरते.

मालवणचे वेगळेपण

भारतात मोठ्या प्रवाळभित्ती कच्छचे आखात, लक्षद्वीप, मन्नारचे आखात व पाल्कची खाडी आणि अंदमान-निकोबार या चार भागांत आहेत. पश्चिम किनाऱ्याच्या उर्वरित भागात प्रवाळ तुकड्या-तुकड्यांनी आढळतात. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील डॉ. सय्यद झहूर कासिम आणि एम. व्ही. एम. वाफर या शास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये पश्चिम किनाऱ्यावर ठिकठिकाणी जिवंत प्रवाळ असल्याची नोंद प्रसिद्ध केली. त्यात मालवणचा समावेश होता. हेच डॉ. कासिम पुढे १९८१ मध्ये निघालेल्या भारताच्या पहिल्या अंटार्क्टिका मोहिमेचे नेते झाले.

मालवणसमोर कुरटे बेटावर छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये सिंधुदुर्गाची उभारणी सुरू केली. किल्ल्यासाठी ज्या खडकांचा उपयोग झाला, तसेच खडक भोवतालच्या पाण्याखालीही पसरले आहेत आणि प्रवाळांना रुजायला असा कठीण आधार लागतोच. भरती-ओहोटीचा फरक कमी असल्याने पावसाळ्यानंतर गाळ लवकर बसतो आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारीत पाणी बऱ्यापैकी निवळते. या भागाचे महत्त्व ओळखून १३ एप्रिल १९८७ रोजी मालवण सागरी अभयारण्य घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर असून सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड यांच्या परिसरातील सुमारे तीन चौरस किलोमीटरचा भाग गाभा क्षेत्रात मोडतो. मासेमारीवर गदा येईल या भीतीने स्थानिक मच्छीमारांनी अभयारण्याला सुरुवातीपासून विरोध केला. पुढे संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साह्याने सिंधुदुर्गात राबवलेल्या प्रकल्पातून किनाऱ्यावरील तरुणांना स्कूबा मार्गदर्शनाचे प्रशिक्षण मिळाले. राज्य पर्यटन विकास महामंडळाने तारकर्लीला स्कूबा प्रशिक्षणाची संस्था उभी केली. सागरी जीवशास्त्रज्ञ डॉ. सारंग कुलकर्णी यांचा या कामात मोठा वाटा आहे. ज्यांचे वाडवडील रापण ओढत, अशा घरांतील तरुण आज पर्यटकांचा हात धरून त्यांना समुद्रतळ दाखवताना दिसतात.

मालवणच्या प्रवाळांकडून लक्षद्वीप किंवा ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफची अपेक्षा मात्र ठेवू नये. कर्ली आणि गड या नद्या पावसाळ्यात इथेही गाळ आणतातच. त्यामुळे इथे प्रामुख्याने गोलसर, ठेंगण्या आणि पत्र्यासारख्या पसरट वाढीचे, गाळ सोसणारे प्रवाळ आढळतात. सोबतीला सरगॅसम जातीचे तपकिरी शेवाळ, समुद्रफुले, तारामासे, समुद्रकाकड्या आणि सागरी साळी असतात. माशांमध्ये पोपटमासे, फुलपाखरूमासे, पट्टेरी सार्जंट मासे, तांबोशी आणि गोबरे दिसू शकतात. चांगल्या दिवशीही नजर पाच-सात मीटरपलीकडे पोहोचतेच असे नाही. थोडक्यात, हे प्रवाळ आपल्या सहनशक्तीच्या सीमेवर जगणारे आहेत आणि हीच बाब पर्यटकाने सर्वप्रथम ध्यानात घ्यायला हवी.

याहून निळे पाणी पाहायचे तर विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटरवरील आंग्रिया बँक हा बुडालेला पठारी भाग आहे. सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखले जाणारे हे पठार सुमारे ४० किलोमीटर लांब आणि १५ किलोमीटर रुंद आहे. परंतु त्याचा सर्वांत उथळ भागही २० मीटरच्या खाली असल्याने ते नवशिक्यांचे काम नव्हे.

दिवसाची आखणी

मालवणला रेल्वेस्थानक नाही. कुडाळ, सिंधुदुर्ग किंवा कणकवलीला उतरून पुढचा प्रवास रस्त्याने करावा लागतो. पालघर-बोईसरकरांना वसई रोडवरून कोकण रेल्वेच्या मार्गाने जाणाऱ्या काही गाड्या सोयीच्या पडतात. रात्रभर गाडीत बसून सकाळी थेट होडीत चढण्याचा मोह टाळावा. जागरण, रिकामे पोट आणि उन्हामुळे आलेला कोरडेपणा या तिन्ही गोष्टी पाण्याखाली त्रास देतात. पोहोचल्यावर एक रात्र विश्रांती, हलका नाश्ता आणि सकाळची बुडी हा क्रम उत्तम. सकाळी वारा कमी असतो आणि पाणी शांत असते.

तारीख निवडताना पंचांग उपयोगी पडते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते आणि प्रवाह जोरात असतात. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते. तेव्हा पाण्याची ओढ कमी असल्याने गाळ कमी उठतो आणि दृश्यता तुलनेने चांगली मिळते. किनाऱ्यावरच्या मच्छीमाराला हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पर्यटक मात्र शनिवार-रविवार पाहून येतो. पावसाळ्यात हे उपक्रम बंद असतात.

पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी असते ती ओळखीची बुडी. आधी उथळ पाण्यात तोंडाने श्वास घ्यायचा सराव आणि खाणाखुणा शिकवल्या जातात. मग प्रशिक्षक स्वतः सोबत राहून काही मीटर खोलीवर नेतो. आंतरराष्ट्रीय पद्धतीनुसार अशा बुडीत बारा मीटरपलीकडे जायचे नसते. मालवणला प्रत्यक्षात ती याहून बरीच उथळ असते. स्वतंत्रपणे बुडी मारायची तर काही दिवसांचा अभ्यासक्रम पूर्ण करून प्रमाणपत्र घ्यावे लागते. पहिल्या पातळीचे प्रमाणपत्र साधारण १८ मीटरपर्यंत आणि त्यापुढचे ३० मीटरपर्यंत जाण्याची मुभा देते.

होडीकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही, हा अनुभव महाग पडलेला आहे. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणाऱ्या पर्यटकांची होडी उलटून दोघांचा मृत्यू झाला. अपघात पाण्याखाली नव्हे, तर किनाऱ्याकडे येताना घडला. होडीची परवानगी, तिची प्रवासीक्षमता आणि प्रत्येकासाठी जीवरक्षक जाकीट या तीन गोष्टींची चौकशी चढण्यापूर्वीच करावी. जाकीट गळ्यात अडकवण्यासाठी नसते, पट्टे बांधून घालण्यासाठी असते. गर्दी दिसली तर पुढच्या फेरीची वाट पाहण्यात कमीपणा नाही.

दाबाचे गणित

स्कूबा हे पाण्याखाली श्वास घेण्याच्या स्वयंपूर्ण साधनाच्या इंग्रजी नावातील आद्याक्षरांपासून बनलेले नाव. फ्रान्सचे झाक-इव्ह कुस्तो आणि एमिल गान्यान यांनी १९४३ मध्ये आजच्या साधनांचे पूर्वरूप तयार केले. टाकीत प्राणवायू असतो हा सार्वत्रिक गैरसमज आहे. पर्यटकांच्या टाकीत गाळून दाबलेली साधी हवाच असते. तोंडात धरायचा रेग्युलेटर ती हवा भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतकी करून देतो.

दर दहा मीटर खोलीला दाब एका वातावरणाने वाढतो. दहा मीटरवर तो पृष्ठभागाच्या दुप्पट होतो आणि बंदिस्त हवेचे आकारमान निम्मे होते. कानातील पोकळीला हा बदल आधी जाणवतो. म्हणून खाली जाताना नाक चिमटीत धरून हलकेच हवा सोडायची आणि कान मोकळे करायचे. दुखू लागण्याआधीच हे करायचे असते. सर्दी असताना कान मोकळे होत नाहीत. अशा वेळी बुडी मारणे म्हणजे पडद्याला इजा करून घेणे होय.

वर येताना याच्या उलट घडते. फुप्फुसातली हवा प्रसरण पावू लागते. श्वास रोखून वर आल्यास काही मीटरच्या अंतरातही फुप्फुसाला गंभीर इजा होऊ शकते. त्यामुळे स्कूबाचा पहिला नियम एकच : श्वास कधीही रोखू नये. वर येण्याचा वेग आपल्याच लहान बुडबुड्यांपेक्षा कमी ठेवावा. दाबाखाली शरीरात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो. एका बुडीनंतर किमान १२ तास आणि अनेक बुड्यांनंतर १८ तास विमानप्रवास करू नये, असा दंडक त्यासाठीच आहे. घाटमार्गे उंचावर चढून परतणाऱ्यांनीही प्रशिक्षकाला आधी विचारावे. दमा, हृदयविकार, अपस्मार, कानाची शस्त्रक्रिया किंवा गर्भारपण असल्यास वैद्यकीय सल्ल्याविना पाण्यात उतरू नये. पोहता येत असल्यास उत्तमच. येत नसल्यास ते आधीच सांगावे.

मित्र म्हणजे सुरक्षेचे साधन

पट्टीचे पाणबुडे एकट्याने पाण्यात उतरत नाहीत. जोडीदार ठरवायचा, एकमेकांची टाकी, पट्टे आणि हवेचा काटा तपासायचा, पाण्याखाली नजरेआड व्हायचे नाही, ही त्यांची रीत असते. मित्रांच्या गटाला ही रीत सहज जमण्यासारखी आहे, पण तिथेच धोकाही असतो. एवढ्या दूर आलो, पैसे भरले, आता माघार कसली, या आग्रहाखातर सर्दी झालेला, रात्री मद्य घेतलेला किंवा मनातून घाबरलेला मित्रही टाकी चढवतो. नको म्हणणाऱ्याला होडीवर बसू देणे आणि त्याची चेष्टा न करणे, हा गटाने निघण्यापूर्वीच ठरवायचा पहिला नियम असावा.

खुणांमध्येही एक मेख आहे. आपल्याकडे अंगठा वर केला की सारे ठीक, असा अर्थ होतो. पाण्याखाली मात्र त्याचा अर्थ ‘वर चला’ असा होतो. ठीक असल्यास अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा. काही बिनसल्यास पंजा आडवा धरून हलवायचा आणि त्रास जिथे आहे तिकडे बोट दाखवायचे. पाण्याखाली वस्तू प्रत्यक्षाहून मोठ्या आणि जवळ दिसतात, तसेच खोल जाऊ तसा लाल रंग सर्वांत आधी लोपतो. हे ठाऊक असले की हात चुकीच्या जागी पडत नाही आणि मनाचा गोंधळही उडत नाही.

एक क्षण आणि अनेक वर्षे

गोलसर वाढीचे प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटिमीटर किंवा त्याहूनही कमी वाढतात. म्हणजे फुटबॉलएवढी वसाहत दहा वर्षांहून अधिक वयाची असू शकते. तिच्यावर पाय देऊन उभे राहायला एक क्षण पुरतो. स्पर्शाने प्रवाळावरचा नाजूक थर फाटतो आणि तिथे जंतू व शेवाळ शिरकाव करतात. पायातल्या वल्ह्यांनी उडालेली वाळू त्याच्यावर बसते. होडीचा नांगर तर मोठी ढेकळेच उखडतो. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मालवण अभयारण्यातील प्रवाळांची स्कूबा पर्यटनामुळे होणारी मोडतोड नोंदवली आहे. छायाचित्रासाठी प्रवाळाला धरून ठेवणे आणि मासे गोळा व्हावेत म्हणून पाव-बिस्किटे टाकणे, हे प्रकार पर्यटकाने मागणे सोडले तर आपोआप कमी होतील. कठीण प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून स्थान आहे. आठवण म्हणून तुकडा उचलून आणणे हा गुन्हा ठरतो.

याहून मोठे संकट तापमानाचे. पाणी नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा एखाद्या अंशाने जरी काही आठवडे तापलेले राहिले, तरी प्रवाळ आणि शैवालाचे सहजीवन मोडते. शैवाल बाहेर टाकले जाते आणि प्रवाळ पांढरेफटक पडतात. यालाच विरंजन म्हणतात. १९९८, २०१० आणि २०१४ ते २०१७ या काळांनंतर, जागतिक विरंजनाची चौथी लाट सुरू असल्याचे शास्त्रज्ञांनी एप्रिल २०२४ मध्ये जाहीर केले. त्याच उन्हाळ्यात लक्षद्वीपचे प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले. मालवणही विरंजनापासून मुक्त राहिलेले नाही. पांढरा प्रवाळ लगेच मरत नाही. पाणी वेळेत थंडावले तर तो सावरतो. मात्र आजाऱ्याला विश्रांती लागते, तशी त्यालाही लागते. गर्दी, नांगर आणि गाळ यांचा जाच तेवढ्या काळात कमी करणे माणसाच्या हाती आहे. थायलंडने माया बे हा जगप्रसिद्ध किनारा २०१८ मध्ये पर्यटकांना बंद केला आणि प्रवाळांची लागवड करून २०२२ मध्ये निर्बंधांसह पुन्हा उघडला. हवाई राज्याने प्रवाळांना घातक ठरणारी दोन रसायने असलेल्या उन्हाच्या मलमांच्या विक्रीवर २०२१ पासून बंदी घातली. मलमापेक्षा पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा पोशाख केव्हाही बरा.

परतल्यावर घरचा किनारा

मालवणचे पाणी पाहून आलेल्यांना आपला किनारा कळाहीन वाटण्याची शक्यता असते. तशी तुलना करणे मात्र न्यायाचे नाही. मालवणजवळ दांडी किनारा आहे आणि तारापूरजवळही दांडी नावाचे मच्छीमारांचे गाव आहे. पहिल्या दांडीसमोर प्रकाशावर जगणारी सृष्टी आहे, तर दुसऱ्या दांडीसमोर गाळावर पोसलेली. एकीचे मोल डोळ्यांना चटकन पटते, दुसरीचे मोल बाजारात आणि ताटात कळते.

याच किनाऱ्यावर डहाणू तालुक्यातील वाढवण येथे मोठे बंदर उभे राहत आहे. सुमारे ७६ हजार कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणी झाली. समुद्रात १,४४८ हेक्टर भराव आणि दहा किलोमीटरहून लांब लाटरोधक बांध ही त्याची वैशिष्ट्ये आहेत. रोजगार आणि व्यापार वाढेल असे सरकार सांगते. माशांच्या प्रजननाच्या जागा आणि प्रवाह बदलतील अशी भीती मच्छीमार व्यक्त करतात. या वादात मत बनवायचे तर आधी आपल्या समुद्रात काय आहे, हे ठाऊक असायला हवे. मोठ्या ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकांतील डबक्यांत समुद्रफुले, शंख, खेकडे आणि लहान मासे दिसतात. त्यासाठी ना टाकी लागते, ना होडी; भरतीची वेळ तेवढी पाठ हवी.

समुद्रतळाशी घालवलेली पंधरा-वीस मिनिटे माणसाला एक गोष्ट शिकवतात. पाणी वरून एकसारखे दिसले तरी खाली प्रत्येक ठिकाणची व्यवस्था वेगळी असते आणि ती मोडायला फार काही लागत नाही. हा धडा मालवणला शिकता येतो, पण त्याचा उपयोग करण्याची जागा पालघरलाही आहे.

निघण्यापूर्वी लक्षात ठेवा

* योग्य काळ : नोव्हेंबर ते फेब्रुवारी, शक्यतो अष्टमीच्या आसपासचे दिवस आणि सकाळची वेळ.
* आदल्या रात्री मद्य नको, जागरण नको. सर्दी असल्यास बुडी नको.
* होडीची परवानगी, प्रवासीसंख्या आणि जीवरक्षक जाकिटे तपासावीत.
* पाण्याखाली श्वास रोखू नये, कान वेळेवर मोकळे करावेत, वर सावकाश यावे.
* जोडीदाराला नजरेआड होऊ देऊ नये. माघार घेणाऱ्याला आग्रह करू नये.
* प्रवाळांना स्पर्श, माशांना खाऊ आणि शंख-प्रवाळांची वेचणी, तिन्ही वर्ज्य.
* बुडीनंतर विमानप्रवासासाठी किमान १२ ते १८ तासांचे अंतर ठेवावे.